परदेशी ग्राहकांसाठी पत्त्याच्या फॉर्ममध्ये पिनकोड सक्तीचा ठेवावा का?

सरसकट सक्तीचा ठेवू नका. आधी देश विचारा आणि त्यानुसार पिनकोडचा रकाना दाखवा, लपवा किंवा ऐच्छिक करा. हाँगकाँग आणि संयुक्त अरब अमिरातीत पोस्टल कोडच नाहीत; आयर्लंडमध्ये देशभराचा कोड आला तो थेट २०१५ मध्ये. सक्ती केली की लोक ००००० टाकून पुढे सरकतात, आणि तो कचरा डेटाबेसमध्ये तुम्हीच सांभाळता. कोड असला तरी तो निव्वळ आकडा असेल असं धरू नका. ब्रिटन-कॅनडात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, नेदरलँड्समध्ये चार आकडे नि पुढे दोन अक्षरं. अमेरिकेत बॉस्टनचे कोड शून्याने सुरू होतात; रकाना संख्येचा ठेवलात तर ते शून्य गायब! म्हणून टेक्स्टच ठेवा. राज्याचंही तेच: सिंगापूरच्या माणसाने यादीतून कोणतं राज्य निवडायचं? देशवार नियम स्वतः लिहीत बसू नका, गूगलच्या लिबअ‍ॅड्रेसइनपुट (libaddressinput) या मुक्त लायब्ररीत, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार प्रोग्रॅमच्या संचात, ते तयार मिळतात. मात्र कुरिअर कंपनीला किंवा कर काढायला कोड लागतच असेल, तर त्या देशांपुरती सक्ती ठेवावी लागेल.