रायफल खाली घेता आली पाहिजे

तुम्ही विचारलंय की मुलगी रायफलच्या थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून म्हणजे नीलिंग, पोटावर झोपून म्हणजे प्रोन आणि उभ्याने म्हणजे स्टँडिंग, प्रत्येकी २० शॉट) वर्षभर ६००पैकी ५७०च्या आसपास अडकली आहे आणि तिच्याच रेंजवरची मैत्रीण ५८५ मारते. कोच तेच, रायफलही तशीच. मग मोठ्या खेळाडूंमध्ये वेगळं काय असतं, जिद्द की उपजत देणगी?

जिद्द दोघींकडे असणारच. ते कडक जॅकेट चढवून रोज तासन् तास उभं राहणारं पोर जिद्दीशिवाय टिकत नाही. मला फरक दिसतो तो न मारलेल्या शॉटमध्ये. एकदा मागे बसून तिचं स्टँडिंग बघा आणि २० शॉटमध्ये रायफल किती वेळा न झाडता खाली आली ते मोजा. अडकलेल्या पोरांचा हा आकडा बहुतेकदा जेमतेम एक किंवा दोन असतो.

५० मीटरवरचा दहाचा गोल जेमतेम १०.४ मिलिमीटरचा. उभ्याने रायफल स्थिर होते ती श्वास थांबल्यावर तीन-चार सेकंदांनी, आणि शॉट सुटायला हवा सातव्या-आठव्या सेकंदापर्यंत. दहा सेकंदांच्या पुढे डोळा शिळं चित्र दाखवायला लागतो आणि पाठ थरथरते. हे पोरांना पाठ असतं. तरी बाराव्या सेकंदाला काळा गोल क्षणभर मधोमध येतो आणि बोट ट्रिगर ओढतं. तोच आठ. ६० शॉटना ९० मिनिटं असतात, म्हणजे वेळ असतो. पण एवढा वेळ धरलेली रायफल सोडून द्यायला जीव होत नाही. थोर नेमबाज ती सोडतो, आणि अंतिम फेरीतही सोडतो.

याच प्रकारातल्या स्वप्नील कुसळेचं उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत टीसी. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत पदकाच्या जागी असताना स्टँडिंगला एक ७.६ लागला (अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) आणि तो चौथा आला. त्यानंतर वर्षभरात पॅरिस ऑलिंपिक, २०२४. नीलिंग आणि प्रोन संपले तेव्हा ३१०.१ गुणांवर पाचवा. मग स्टँडिंगच्या पाच-पाच शॉटच्या दोन सिरीज ५१.१ आणि ५०.४, आणि तो तिसरा. शेवटच्या चार शॉटचे मिळून ३९.८, म्हणजे सरासरी दहाच्याही खाली. एकूण ४५१.४ आणि ब्राँझ. या आकड्यांकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. १०.८चा पाऊस कुठेच नाही, पण हांगझोचा तो ७.६ही परत आला नाही.

आता तुमच्या मुलीसाठी. घरी रोज अर्धा तास ड्राय, म्हणजे गोळीशिवाय सराव, रायफल रिकामी आहे हे दोनदा तपासूनच. आधी पवित्रा: रायफल उचलायची, डोळे मिटायचे, दोन श्वास, डोळे उघडायचे. साईट (रायफलवरचं नेम धरायचं साधन) बाजूला गेली असेल तर पाय हलवायचा. हाताने ओढून आणली की शॉट सुटताना ती परत तिकडेच जाते. मग ३० होल्ड, म्हणजे रायफल उचलून नेम धरणं. त्यात दर तिसऱ्या वेळी, चित्र कितीही सुंदर असलं तरी, ट्रिगर न दाबता खाली घ्यायचं. पहिला आठवडा तिला राग येईल, येऊ द्या.

रेंजवर स्टँडिंगच्या पहिल्या दहा शॉटना मॉनिटर झाकून ठेवा. प्रत्येक शॉटनंतर तिने आधी सांगायचं: ‘नऊ, चार वाजता’, म्हणजे नऊ गुण, घड्याळातल्या चारच्या दिशेला. नंतर कापड उचलून बघायचं आणि दोन्ही वहीत लिहायचं. सांगितलेलं आणि लागलेलं जुळायला लागलं की तिला आपली चूक ट्रिगरवर दिसते, पडद्यावर शोधावी लागत नाही. जुळत नसेल आणि शॉट सगळे एकाच बाजूला जात असतील तर आधी साईट आणि वारा तपासा, तिला बोलू नका.

आणि घरी आल्यावर ‘किती मारलेस?’ असं विचारू नका. ‘आज किती वेळा खाली घेतलीस?’ हे विचारा. मी सांगतोय त्यातलं हे सगळ्यात अवघड आहे, आणि ते तुमच्या वाट्याचं आहे.