तीस दिवस कधीपासून मोजायचे?

ऐरोलीच्या एका वाचकाने सह्याद्रीतल्या किल्ल्यावर घडणारं टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायचं, साहस मराठीत लिहिलं, डिसेंबरात २०० प्रती छापल्या आणि पीडीएफही विकायला ठेवली. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे. पुस्तकात अकरा मॉन्स्टर आहेत. सात विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या एसआरडीतले, म्हणजे तो खेळ काढणाऱ्या कंपनीने खुल्या केलेल्या नियमसंग्रहातले. उरलेले चार एका छोट्या अमेरिकी प्रकाशकाच्या पुस्तकातून वर्णनासकट भाषांतर करून घेतलेले. ४ मार्चला त्या प्रकाशकाचा ई-मेल आला की आमचा उल्लेख कुठेच नाही, लायसन्सच्या अटी पाळा. २६ मार्चला वाचकाने मला विचारलं, अमेरिकेतलं लायसन्स ऐरोलीत चालतं का, आणि वकिलाची नोटीस नसेल तर उत्तर द्यायलाच हवं का? उत्तर त्यांना त्याच दिवशी कळवलं. अशी पत्रं आता वरचेवर येतात, म्हणून इथेही देतो.

चालतं. भारत आणि अमेरिका दोन्ही कॉपीराइटच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, आणि परदेशी लेखकाच्या मजकुराला आपल्याकडे संरक्षण देणारा १९९९ चा इंटरनॅशनल कॉपीराइट ऑर्डर आहे. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तुम्ही जे विचारलंच नाहीत, ते आहे ओजीएल १.०ए, म्हणजे ज्या ओपन गेम लायसन्सखाली तुम्ही मजकूर घेतलात, त्याचं कलम १३. अटी मोडल्या, आणि मोडल्याचं लक्षात आल्यापासून ३० दिवसांत चूक दुरुस्त केली नाही, तर लायसन्स आपोआप संपतं. कोणी रद्द करावं लागत नाही, नोटीस लागत नाही, वकील तर नाहीच. लेटरहेडवरच्या नोटिशीची वाट बघत तुम्ही बावीस दिवस घालवलेत. त्या कलमाच्या लेखी साधा ई-मेल पुरेसा आहे. ४ मार्चपासून मोजलं तर मुदत ३ एप्रिलला संपते.

पण ४ मार्चपासूनच मोजायचं, हे तरी कोणी ठरवलं? तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे: 'जानेवारीत वाशीला खेळायला जमलो होतो तेव्हा एक मित्र म्हणाला होता की कलम १५ अपुरं आहे, पण म्हटलं पुढच्या छपाईत बघू.' (हे कलम म्हणजे लायसन्सच्या तळाशी असलेली कॉपीराइटची यादी.) कलमात 'नोटीस मिळाल्यापासून' असं लिहिलेलं नाही, 'चूक लक्षात आल्यापासून' असं आहे. समोरच्या वकिलाच्या हाती हे वाक्य लागलं तर तो म्हणेल की मुदत फेब्रुवारीतच संपली. मित्राचं बोलणं म्हणजे लक्षात येणं नव्हे, असा बचाव करता येईल. तो टिकेलच याची हमी मी देणार नाही. प्रकाशकाला उत्तर लिहिताना खोटं लिहू नका, न विचारलेलं सांगूही नका. मित्राबरोबरचे व्हॉट्सॲप मेसेज मात्र पुसायचे नाहीत. पुसलेला पुरावा असलेल्या पुराव्यापेक्षा जास्त महागात पडतो.

आता दुरुस्ती. आधी कलम १५ ची यादी. ज्याचा खुला मजकूर घेतला, त्याच्या यादीतल्या ओळी जशाच्या तशा उतरवायच्या आणि खाली आपल्या पुस्तकाचं नाव, साल, हक्कधारक लिहायचा, हे कलम ६ सांगतं. तुमची यादी विझार्ड्सच्या ओळींवरच थांबली आहे. पण तेवढं केलं की झालं, असंही नाही. 'सर्व अटी' पाळायच्या आहेत. तुम्ही लायसन्सचा मूळ मजकूर काढून त्या जागी मराठी भाषांतर छापलंय. लायसन्सच्या अटींत भर घालता येत नाही की काही गाळता येत नाही, त्यामुळे मूळ इंग्रजी मजकूर हवाच, मराठी हवं तर सोबत ठेवा. कलम ८ प्रमाणे कोणता भाग खुला आहे ते स्पष्ट दाखवायचं असतं, तर तुम्ही पहिल्याच पानावर 'सर्व हक्क राखीव' लिहून मोकळे झालात. आणि मुखपृष्ठावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी' हे ठळक अक्षरांत! कलम ७ वेगळ्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी सुसंगत असल्याचं सांगायलाही मनाई करतं. पुस्तक छापायच्या आधी ही दोन पानं एकदा वाचली असती तर मला पत्र लिहावं लागलं नसतं.

माझा सल्ला असा की ही डागडुजी करत बसण्यापेक्षा चारही मॉन्स्टर काढा आणि ओजीएलही काढा. २०२३ च्या जानेवारीत ओजीएल मोडीत काढणारा नवा मसुदा फुटला, आरडाओरड झाली, आणि २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन एसआरडी ५.१ हे क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० या, श्रेय दिलं की कुणालाही वापरू देणाऱ्या लायसन्सखाली खुलं केलं. तुमचे सात मॉन्स्टर त्यात बसतात. एसआरडीत दिलेली श्रेयाची ओळ जशीच्या तशी छापायची, भाषांतर आणि बदल केल्याचं नमूद करायचं, आणि मुखपृष्ठावर फार तर 'फाइव्ह-ई (म्हणजे पाचवी आवृत्ती) सुसंगत' म्हणायचं, त्याला विझार्ड्सची परवानगी आहे.

पण 'आता सगळंच क्रिएटिव्ह कॉमन्स झालंय' हे तुमचं वाक्य चूक आहे, आणि नेमकी हीच चूक अनेकांच्या पत्रात असते. विझार्ड्सने आपला मजकूर खुला केला. दुसऱ्या प्रकाशकाने ओजीएलखाली दिलेला मजकूर त्यामुळे क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये जात नाही. ते चार मॉन्स्टर ओजीएलवरच उभे आहेत, आणि ते लायसन्स संपलं असेल तर त्या प्रकाशकाच्या लेखी परवानगीशिवाय कशावरच नाहीत.

नियमांवर कॉपीराइट नसतो, असं तुम्ही सुनावलं आहेत. बव्हंशी बरोबर. स्क्रॅबल या शब्दखेळाच्या खटल्यात २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने खेळाचा पट आणि नियम यांवर कॉपीराइट मानला नाही, नावाच्या बाबतीत मात्र ट्रेडमार्कवरून मनाई केली. आकडे, फासे, हिट पॉइंट यांपुरता तुमचा मुद्दा चालेल. पण तुम्ही त्या चार मॉन्स्टरांची दीड-दीड पान वर्णनं भाषांतरित केली आहेत, आणि भाषांतराचा हक्क कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मूळ हक्कधारकाचा.

तेव्हा आजच पीडीएफ उतरवा, उरलेल्या प्रतींची विक्री थांबवा आणि प्रकाशकाला चार ओळींचा ई-मेल पाठवा: विक्री थांबवली आहे, तुमचा मजकूर काढतो आहे, विकलेल्या प्रतींबद्दल काय हवं ते कळवा. पीडीएफ घेतलेल्यांना सुधारित फाइल ३ एप्रिलच्या आत पाठवा. विकल्या गेलेल्या छापील प्रतींचं काय, हे त्या प्रकाशकाच्या मर्जीवर आहे. बहुतेक छोटे प्रकाशक एवढ्यावर थांबतात, सगळे नाही. ठाण्याच्या कोर्टात निकाल लागायला वर्षं जातात म्हणून निर्धास्त राहू नका. अंतरिम मनाई हुकूम लवकर मिळू शकतो, आणि विक्रीची साइट तर तक्रार आल्यावर कोर्टाची वाटही बघत नाही.

चित्रकार बाईंशी लेखी काही नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. नवी आवृत्ती काढण्याआधी चित्रांच्या हक्कांच्या करारावर त्यांची सही घ्या आणि त्यात मुदत व प्रदेश दोन्ही लिहा. नाही लिहिलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत पाच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरला जातो. तुमची पीडीएफ तर परदेशातही विकली जाते आहे.