सतराचा पाढा

पोरी,

शनिवारी सकाळी संभाजी तलावाच्या कडेनं तू धावत होतीस, तेव्हा मी मागं स्कूटीवर होते. भरतीची तयारी करणारी पोरं मागून आली. त्यांच्या बुटांचा आवाज कानावर पडला मात्र, तुझे खांदे वर चढले, मुठी आवळल्या. पाचेकशे मीटर टिकलीस त्यांच्याबरोबर. मग मी शेजारी येऊन म्हटलं, सतराचा पाढा म्हण. ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक...’ आणि तिथं श्वास तुटला. एक्कावन्न बाहेर आलंच नाही. तुला वाटलं मी गणित तपासतेय. मी तपासत होते तुझा श्वास; सोप्या धावेत न अडखळता बोलता आलं पाहिजे. एक्कावन्न होतात ते मलाही ठाऊक आहे गं.

तो दिवस तुझ्या कागदावर ‘सोपी धाव’ म्हणून लिहिलेला होता.

आता तूच हिशेब कर. तुझे 3000 मीटर 12 मिनिटांत होतात, म्हणजे ट्रॅकची 400 ची एक चक्कर 96 सेकंदांत. तुझी सोपी चक्कर सव्वादोन ते अडीच मिनिटांची असायला हवी, किलोमीटरला साधारण पावणेसहा ते सव्वासहा मिनिटं. तू काढतेस 1 मिनिट 50 सेकंदात. हा वेग धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. मंगळवारी 400 मीटरचे जोरदार तुकडे मारायला तू उभी राहतेस तेव्हा पाय आधीच रिकामे झालेले असतात, आणि तू मला म्हणतेस, ‘मॅडम, आज जमेना.’ कसं जमेल?

हळू धावणं म्हणजे वेळ वाया घालवणं, हा समज आपल्याकडं फार जुना. खरं तर त्या निवांत चाळीस मिनिटांत बरंच काम चाललेलं असतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक केशवाहिन्या वाढतात, पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात. जोरात धावूनही यातलं पुष्कळ मिळतं, पण जोरात रोज धावता येत नाही, आणि हे सगळं रोजच्या धावण्यातून साठत जातं. दुसरं असं की दम काही आठवड्यांत वाढतो. हाड आणि स्नायूबंध मात्र महिने घेतात. दम ‘चल’ म्हणतो आणि नडगी मागंच राहिलेली असते. तुझ्या वयात तर हाडं अजून वाढताहेत. टाचेत किंवा गुडघ्याच्या वाटीखाली, जिथं स्नायूबंध वाढत्या हाडाला ओढतो, तिथं दुखू लागलं तर लपवू नकोस.

मी लपवलं होतं. दहावीत असताना पार्क स्टेडियमवर रोज मोठ्या मुलींच्या मागं लागायचे, कारण मागं पडायची लाज वाटायची. डाव्या नडगीत एका बोटाएवढ्या जागी दुखायचं. मी बाम चोळून पळत राहिले. जिल्हा स्पर्धेच्या तीन आठवडे आधी हाडाला बारीक तडा निघाला. त्या वर्षीची गड्ड्याची यात्रा होम मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून बघितली, हातात भजी आणि पायाला पट्टी. दोष कुणाचाच नव्हता, माझ्या हट्टाचा होता.

मनगटावरच्या घड्याळाचं फार ऐकू नकोस. मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, याचं 220 वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे. तुझं हृदय त्यापेक्षा दहा ठोके इकडं-तिकडं असू शकतं. शिवाय एप्रिलमध्ये आपल्या सोलापुरात सात वाजताच ऊन चटके देतं. त्याच वेगाला ठोके वाढतात, कारण रक्ताला त्वचाही गार ठेवायची असते. त्या दिवसांत चक्कर पावणेतीन मिनिटांवर गेली तरी मी काही बोलणार नाही. पाढा अडखळला की वेग कमी कर, एवढंच.

तुझ्या वहीच्या मुखपृष्ठावर ललिता बाबर आहे. शेजारच्या माणदेशातली, म्हणून आपल्याला जरा जास्तच आपली वाटते. 2016 साली रिओत तिनं 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायची शर्यत, 9 मिनिटं 19.76 सेकंदांत धावून अंतिम फेरी गाठली. तो वेग ऑलिंपिकच्या शर्यतीतला आहे, रोजच्या सकाळचा नव्हे.

हळू धावून पाय जड होतील अशी तुला भीती वाटते ना? आठवड्यातून दोनदा सोप्या धावेनंतर 80 मीटरच्या चार-पाच वेगवान पण मोकळ्या धावा मार, मध्ये पुरेसं चालून. पुरे होतं.

एक गोष्ट आईशी बोल. पाळी दोन-तीन महिने आली नाही, किंवा सोपी धावही जिन्यासारखी वाटू लागली, तर डॉक्टरकडं जायचं, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायचं. ‘खेळाडू मुलींचं असंच असतं’ असं कुणी म्हटलं तर त्यांचं ऐकायचं नाही. आणि कडक भाकरी-शेंगाचटणी खाऊन पोट भरलं असं समजू नकोस. डाळ, दूध, अंडी, जे घरात चालत असेल ते हवंच.

उद्या साडेपाचला तलावाच्या फाटकाशी ये. घड्याळ घरीच ठेव. भरतीची पोरं येतील, पुढं जातील, त्यातला तो उंच पोरगा मागं वळून हसेलही. हसू दे. मी सायकल घेऊन येते; पाढा सतराचाच म्हणू, एकोणतिसाचा मलाही येत नाही.

तुझी,
मॅडम