हशा नेमका कुठे पडतो?

जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकांमधल्या वर्णावरच्या विनोदांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : ‘टिल डेथ अस डू पार्ट’मधला अल्फ गार्नेट म्हणजे वर्णद्वेष्ट्या माणसाचं विडंबन, असं लेखक जॉनी स्पाइट सांगत. मग आक्षेप कशाला?

उत्तर : हेतूबद्दल शंका नाही. मधला काही वर्षांचा खंड सोडला तर १९६६ ते १९७५ या काळात बीबीसीवर चाललेल्या या मालिकेतला अल्फ हा पूर्व लंडनमधला तोंडाळ, हेकट, राणीभक्त माणूस. त्याची भूमिका करणारे वॉरन मिशेल स्वतः ज्यू आणि मजूर पक्षाचे समर्थक. घोडं पेंड खातं ते रचनेत. टाळीची वाक्यं अल्फच्या वाट्याला येतात. त्याच्याशी भांडणारा जावई माइक बोलतो बरोबर, पण पुस्तकी बोलतो. विनोदात ज्याचं वाक्य जास्त खुसखुशीत, प्रेक्षक त्याच्याकडे झुकतो, मग मत कुणाचंही बरोबर असो. शिवाय ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललंय ते काळे किंवा आशियाई लोक त्या बैठकीच्या खोलीत बहुतेक वेळा नसतातच. याचा हिशेब मिशेल यांनाच चुकवावा लागला. ‘बरं झोडपलंत त्या परक्यांना’ म्हणून लोक त्यांची पाठ थोपटत आणि ‘अहो, आम्ही तुमच्यासारख्यांनाच झोडपतोय’ हे त्यांना सांगावं लागे.

‘तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं’ हेही खरं नाही. स्पाइट यांच्याच ‘करी अँड चिप्स’मध्ये (१९६९) अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार रंगवला होता स्पाइक मिलिगन यांनी, तोंडाला तपकिरी रंग लावून. (मिलिगन यांचा जन्म १९१८चा, अहमदनगरचा.) सहा भागांनंतर खासगी दूरचित्रवाणीवर देखरेख करणाऱ्या अधिकृत संस्थेने ती मालिका बंद करायला लावली. त्याआधी, १९६७ मध्ये, तोंडं काळी करून गाणाऱ्या गोऱ्या गायकांच्या ‘द ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’विरुद्ध बीबीसीकडे सह्यांचं निवेदन गेलं होतं. तो कार्यक्रम मात्र १९७८ पर्यंत चालला. तक्रार होती, पण ती ऐकणाऱ्या खुर्च्यांवर तक्रारदारांपैकी कुणी बसलेलं नव्हतं.

प्रश्न : ‘लव्ह दाय नेबर’मध्ये गोरा एडी आणि काळा बिल दोघंही एकमेकांना हिणवतात. बरोबरी झाली की!

उत्तर : निर्मात्यांचा बचाव हाच होता. शेजारी राहणाऱ्या दोन जोडप्यांची ही १९७२ ते १९७६ची थेम्स टेलिव्हिजनची मालिका. भागाचा साचा साधारण ठरलेला : एडी शिव्या घालतो, बिल परतफेड करतो, शेवटी एडीची फजिती होते, दोघांच्या बायका मात्र शहाण्या आणि एकमेकींच्या मैत्रिणी. कागदावर विजय बिलचा. पण पडद्याबाहेर काय होतं ते बघा. घर भाड्याने देताना किंवा नोकरीवर घेताना वर्ण पाहणं बेकायदा ठरलं ते १९६८च्या कायद्याने, म्हणजे मालिकेच्या अवघी चार वर्षं आधी. बिलने एडीला दिलेल्या शिवीमागे कसलीच ताकद नव्हती. एडीच्या शिवीमागे घरमालक होता, मुकादम होता. आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात काळ्या-सावळ्या मुलांवर जे शब्द फेकले जात, ते एडीचे असत. फजितीचा शेवट कुणी शाळेत नेत नाही, शब्द तेवढा नेतो.

‘लव्ह दाय नेबर’चे सहलेखक व्हिन्स पॉवेल यांचीच पुढची मालिका म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीच्या वर्गावरची ‘माइंड युवर लँग्वेज’ (१९७७). प्रत्येक देशाला एक विद्यार्थी आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एकच खोड. प्रेक्षक असूनही १९७९ मध्ये लंडन वीकेंड टेलिव्हिजनच्या मायकेल ग्रेड यांनी ती थांबवली. १९८६ मध्ये ती थोडा काळ परतली. ‘जबान संभालके’ ही तिची हिंदी बहीण.

प्रश्न : देवळालीत घडणारी एक ब्रिटिश मालिका बीबीसी पुन्हा दाखवत नाही म्हणे. त्यात असं काय आहे?

उत्तर : ‘इट एन्ट हाफ हॉट मम’, १९७४ ते १९८१, एकूण ५६ भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस देवळालीच्या छावणीत सैनिकांचं मनोरंजन करणारं पथक हा विषय. लेखक जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट दोघंही त्या काळात हिंदुस्थानात सैन्यात होते, त्यामुळे बारकावे ऐकीव नाहीत. (इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणतात ते याच देवळालीवरून. मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’, आणि त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.)

अडचण आहे ती रंगी राम या बेअररची, म्हणजे छावणीतल्या भारतीय नोकराची. ही भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा काळवंडून केली. ते झाशीत जन्मले होते, उर्दू बोलत आणि त्या बोलण्याची लय त्यांनी चांगली पकडली होती. तरी चहावाला आणि पंखेवाला आशियाई नटांना द्यायचा आणि भारतीयांमधली सर्वांत मोठी भूमिका गोऱ्याला, ही विभागणी आज नजरेतून सुटत नाही. लिखाण मात्र दुधारी आहे. रंगी राम ‘आम्ही ब्रिटिश’ म्हणतो तेव्हा थट्टा त्याची की साम्राज्याची, हे भागागणिक बदलतं. श्रेयनामावलीचा शेवट लक्ष देऊन ऐका : चहावाला इंग्रजांचं देशभक्तिगीत मनापासून गातो आणि सार्जंट मेजर त्याच्यावर ‘शट अप’ म्हणून खेकसतो. अख्ख्या मालिकेत इतकी नेमकी जागा दुसरी नाही. आणि आक्षेप फक्त वर्णाचा नाही. नाजूक वागणाऱ्या सैनिकांना सार्जंट मेजर ज्या शब्दांनी झोडतो, तेही आज कानाला बोचतात.

प्रश्न : ‘फॉल्टी टॉवर्स’चा जर्मन पाहुण्यांचा भाग २०२० मध्ये काढला आणि परत आणला. वाहिन्या हे ठरवतात तरी कसं?

उत्तर : हॉटेलमालक बेसिलवरच्या या मालिकेचा २४ ऑक्टोबर १९७५ चा तो भाग. हॉटेलात राहणारा वृद्ध मेजर सांगतो की एका बाईंना घेऊन तो ओव्हलवर भारताचा सामना बघायला गेला होता. बाई भारतीयांना एक वर्णद्वेषी शिवी देत राहिल्या, आणि याने त्यांना सुधारलं ते कसं, तर ‘ही शिवी वेस्ट इंडियन लोकांची, यांच्यासाठी वेगळी आहे’ असं सांगून. विनोद मेजरच्या अकलेवर आहे, हे मालिकेचे सहलेखक आणि बेसिल रंगवणारे जॉन क्लीझ यांचं म्हणणं बरोबरच आहे. त्याच भागात इस्पितळात काळा डॉक्टर समोर येताच बेसिल दचकतो. डॉक्टर शांत आणि ओशाळा दिसतो तो बेसिल. पण शिवी ऐकणाऱ्याच्या कानात आधी शिवी पोचते, विडंबन मागून येतं.

बीबीसीने २०१३ च्या सुमारास पुनःप्रक्षेपणात ती वाक्यं कापली. जून २०२० मध्ये यूकेटीव्ही या वाहिनीसमूहाने आपल्या ऑनलाइन सेवेवरून तो भागच उतरवला आणि काही दिवसांत सूचनेसह परत ठेवला. २०२४ च्या नाट्यरूपात क्लीझ यांनी स्वतःच ते शब्द गाळले.

ब्रिटनमधली प्रसारणाची नियामक संस्था ऑफकॉम शब्दांची काळी यादी देत नाही. तिची संहिता संदर्भ विचारते : वेळ कोणती (रात्री नऊच्या आधी की नंतर), वाहिनी कोणती, प्रेक्षकाची अपेक्षा काय, आधी सूचना दिली होती का. त्यातून वाहिनीकडे चार वाटा उरतात : सूचना देणं, वाक्य कापणं, उशिराची वेळ देणं, भाग न दाखवणं. कापण्यात एक फसगत असते. चिथावणीचं वाक्य गेलं आणि प्रतिक्रिया राहिली, तर स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा हशा अधांतरी येतो. म्हणून वाक्याबरोबर त्यावरचा हशाही काढावा लागतो आणि दृश्याची लय मोडते. ‘पुढील भागात आक्षेपार्ह भाषा आहे’ एवढीच सूचनाही कुचकामी. वर्णद्वेषी शब्द आहेत की नुसत्या शिव्या, हे सांगितलं तरच प्रेक्षकाला निवड करता येते.

प्रश्न : चित्रपट मंडळात या विषयावर दीड तासाचं सत्र घ्यायचं आहे. काय दाखवावं?

उत्तर : पाचपेक्षा जास्त तुकडे नकोत आणि एकेक तुकडा पाच मिनिटांहून लांब नको. चर्चेला निम्म्याहून अधिक वेळ ठेवा.

सुरुवात अल्फपासून. मग ‘लव्ह दाय नेबर’मधलं एक भांडण. तिसरा तुकडा ‘रायझिंग डॅम्प’चा (१९७४–७८) : घरमालक रिग्जबी वर्णावरून वाट्टेल ते बरळतो, पण भाडेकरू फिलिप त्याच्याहून सुशिक्षित, देखणा आणि शांत आहे, त्यामुळे प्रत्येक वार रिग्जबीवरच उलटतो. चौथा मेजरचा. पाचवा ब्रिटिश आशियाई कलाकारांच्या ‘गुडनेस ग्रेशस मी’चा (बीबीसी, १९९८) : इंग्रज भारतीय खाणावळीत वागतात तसं भारतीय टोळकं इंग्लिश खाणावळीत जाऊन सर्वांत बेचव पदार्थ मागवतं आणि वेटरच्या नावाची वाट लावतं. हा क्रम बदलू नका. शेवटचा तुकडा आधी दाखवलात तर बाकीचे केविलवाणे वाटतात आणि चर्चा तिथेच संपते.

पाहणाऱ्यांना तीन गोष्टी टिपायला सांगा : हशा कोणत्या शब्दावर पडला, ज्याची थट्टा झाली त्याला पुढचं वाक्य मिळालं का, आणि दृश्य कुणाच्या चेहऱ्यावर संपलं. पहिला मुद्दा डोळे मिटून ऐकल्यास चटकन कळतो. हशा नुसत्या शिवीवर पडत असेल तर विडंबन गडगडलेलं असतं. शिवीनंतरच्या फजितीवर पडत असेल तर ते उभं आहे. आणि तुकडे सुरू होण्याआधी कोणते शब्द येणार आहेत ते सांगून टाका, बाहेर जायचं त्याला जाऊ द्या.

प्रश्न : यातल्या मालिकांच्या डीव्हीडी मागवताना काय पाहावं?

उत्तर : डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागासाठीच (रिजन) काढलेल्या असतात; ब्रिटनमधल्या बहुधा रिजन २ च्या असतात, सगळे रिजन चालवणारा प्लेयर लागेल. वेष्टनावर भागाची लांबी तपासा. बीबीसीचा भाग साधारण अर्ध्या तासाचा, आयटीव्ही या खासगी वाहिनीचा जाहिरातींमुळे पंचवीस मिनिटांच्या आसपास. बीबीसीचा भाग त्याहून बराच आखूड दिसला तर प्रत कापलेली असण्याची शक्यता धरा. ‘टिल डेथ’चा पूर्ण संच शोधण्यात मात्र वेळ घालवू नका; साठच्या दशकातले अनेक भाग बीबीसीने टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले.