गोल मारणारा मागे का आला?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. सरांनी तुला फुटबॉल टीमच्या फॉरवर्डमधून काढून बॅकलाइनच्या (बचावफळीच्या) पुढ्यात, मधोमध आणून उभं केलं आणि तू रुसून प्रॅक्टिसला दांडी मारलीस. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर गोल मारणाऱ्यालाच खांद्यावर घेतात, हे मला का ठाऊक नाही? तालमीच्या, म्हणजे आपल्या पेठेतल्या संघाच्या, पोरांना तुझं नवं काम फारसं दिसणारही नाही. तरी मायकेल ब्रॅडलीबद्दल थोडं सांगतो. ऐकून घे, मग काय रुसायचं ते रुस.

हा अमेरिकेचा मिडफिल्डर होता, म्हणजे मधल्या फळीतला फुटबॉलपटू. जन्म 1987, न्यू जर्सीतला. सोळाव्या वर्षी, 2004 मध्ये, व्यावसायिक क्लबने त्याला घेतलं आणि त्या क्लबचे कोच होते त्याचेच वडील, बॉब ब्रॅडली. पुढे बॉब राष्ट्रीय संघाचे कोच झाले आणि हा त्या संघात. वशिल्याचा शिक्का बसायला आणखी काय लागतं? पण 2006 च्या जानेवारीत, अठरा वर्षांचा असताना, तो हॉलंडच्या हीरेनवेनला निघून गेला. तिथे बाप नव्हता. 2007-08 च्या मोसमात या पोराने लीगमध्ये 16 गोल मारले. मिडफिल्डमधून! 2011 मध्ये वडिलांना अमेरिकेच्या संघावरून काढलं, त्यांच्या जागी क्लिन्समन कोच म्हणून आले, तरी याची जागा गेली नाही. वशिला तोवर संपला होता, खेळ उरला होता.

आता तुझ्या दुखण्यावर येतो. 16 गोल मारणारा हा खेळाडू पुढे हळूहळू मागे सरकला. डिफेंडरच्या पुढे उभं राहायचं, त्यांच्याकडून बॉल घ्यायचा, वळायचं, पुढे द्यायचा. गोलांचे आकडे आटले. पण कॅप्टनचा पट्टा त्याच्या दंडावर आला आणि अमेरिकेसाठी तो 151 सामने खेळला. ही शिक्षा वाटते का तुला? ज्याच्या डोळ्यांवर भरवसा असतो त्यालाच कोच तिथे उभं करतो.

मैदान निवडण्याबद्दलही एक सांगून ठेवतो. 2011 च्या सुरुवातीला तो इंग्लंडमध्ये अॅस्टन व्हिलाकडे लोनवर गेला. नाव मोठं, पण खेळायला फारसं मिळालं नाही. मग इटलीतल्या किएवोकडे गेला. वेरोना शहरातला दुय्यम क्लब. तिथे नियमित खेळला आणि वर्षभरात रोमा या मोठ्या क्लबने उचलला. तुलाही उद्या मोठ्या संघाच्या बेंचचं आमंत्रण येईल तेव्हा हे आठव. 2014 मध्ये, ऐन भरात, तो युरोप सोडून कॅनडातल्या टोरंटोच्या क्लबकडे गेला, त्यावर मात्र बरीच टीका झाली. मलाही वाटतं, आणखी दोन वर्षं इटलीत काढायला हवी होती. असो.

या जागेवर चूक झाली की ती सगळ्यांना दिसते, हे मी लपवत नाही. 2014 चा वर्ल्ड कप, मनाउस, समोर पोर्तुगाल. अमेरिका 2-1 ने पुढे, नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेची शेवटची मिनिटं. मधल्या पट्ट्यात ब्रॅडलीच्या पायातून बॉल सुटला, रोनाल्डोने उजवीकडून क्रॉस टाकला, वारेलाने हेडर मारला. 2-2. त्याने आधीची नव्वद मिनिटं काय केलं, ते कुणी विचारलं नाही. 2016 च्या अमेरिका-कॅनडाच्या लीगच्या फायनलमध्ये टोरंटोसाठी, घरच्याच मैदानावर, त्याची पेनल्टी अडवली गेली आणि कप सिएटलने नेला. पुढच्या वर्षी तेच दोन संघ, तेच मैदान. टोरंटो 2-0 ने जिंकलं आणि कप उचलला कॅप्टन ब्रॅडलीने.

त्याच 2017 च्या जूनमधला एक गोल शोधून बघ. मेक्सिको सिटीतलं अझ्टेका, सहावं मिनिट. हर्नांडेझचा मागे दिलेला पास ब्रॅडलीने हेरला, मध्येच तोडला, दोन-चार पावलं पुढे आला, वर बघितलं तर गोलकीपर ओचोआ जागा सोडून पुढे. जवळजवळ चाळीस यार्डांवरून बॉल उचलून त्याच्या डोक्यावरून टाकला. लोक तो फटका पुन्हा पुन्हा बघतात. तू मात्र पास तुटण्याआधीचे दोन-तीन सेकंद बघ: तो कुठे उभा आहे, कुठे बघतोय. तो गोल सहा नंबरच्या, म्हणजे तुझ्या या नव्या, जागेवरून झालाय, बाळा.

(आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्रिनिदादकडून हरून अमेरिका वर्ल्ड कपला मुकली. तेव्हाही कॅप्टन तोच होता, आणि शिव्याही त्यालाच.)

उद्या प्रॅक्टिसला जा. सरांची माफीबिफी मागत बसू नकोस, फक्त वेळेवर पोच. बॉल आपल्याकडे येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायची सवय लाव. सुरुवातीला मान दुखेल. पुढच्या मॅचचा व्हिडिओ पाठव. तुझे चांगले पास निवडून, कापून नकोत; सबंध मॅच हवी, बॉल दुसरीकडे असताना तू काय करतोस ते मला बघायचंय.

तुझा,
काका