वाचकांचे प्रश्न : संदेश पोचतो, पण आकडे कुठे जातात?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमचे द्राक्षांचे शीतगृह आहे. चार चेंबरमधील सेन्सरची माहिती एक गेटवे (ती गोळा करून पुढे पाठवणारे उपकरण) दर मिनिटाला एकाच जेसन संदेशात (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिलेला मजकूर) एमक्यूटीटीवरून, म्हणजे उपकरणांचे छोटे संदेश पोचवणाऱ्या पद्धतीने, पाठवतो. संदेशात गेटवेचे नाव, वेळ आणि ‘रीडिंग्ज’ नावाची यादी असते. यादीत प्रत्येक चेंबरचे नाव, तापमान, आर्द्रता आणि दार उघडे आहे की बंद, एवढे असते. हे संदेश वाचून डेटाबेसकडे देणाऱ्या टेलिग्राफ या प्रोग्राममध्ये ‘डेटा_फॉरमॅट’ म्हणून ‘जेसन’ लिहिले, तेव्हा ‘रीडिंग्ज_०_टेम्प’ अशी विचित्र नावे आली. ‘जेसन_क्वेरी’मध्ये ‘रीडिंग्ज’ लिहिल्यावर नावे सुधारली, पण चारऐवजी एकाच चेंबरचे तापमान दिसू लागले. आर्द्रता येतच नव्हती. ती ‘जेसन_स्ट्रिंग_फील्ड्स’मध्ये घातल्यावर इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसमध्ये दिसते, पण आलेखात तिची रेघ उमटत नाही. दाराची स्थिती तर कुठेच नाही. आमचे काय चुकते आहे?

उत्तर : आपला संदेश सदोष नाही आणि टेलिग्राफही बिघडलेला नाही. कोणता मजकूर ओळख म्हणून घ्यायचा, कोणता मोजमाप म्हणून आणि कोणता वेळ म्हणून, हे जेसन स्वतः सांगत नाही. आपण ते सांगितले नाही, तर टेलिग्राफ स्वतःच्या ठरलेल्या नियमांनी निवड करतो आणि जे त्या नियमांत बसत नाही ते काहीही न बोलता सोडून देतो.

टेलिग्राफमध्ये संदेश वाचून त्याचे भाग वेगळे करणाऱ्याला पार्सर म्हणतात. जुन्या ‘जेसन’ पार्सरचा नियम असा, की संख्या तेवढ्या फील्ड, म्हणजे साठवायची मोजमापे, होतात. अक्षरी मजकूर आणि खरे-खोटे या स्वरूपातील मूल्ये, वेगळे सांगितल्याशिवाय, गाळली जातात. आपल्या दाराची स्थिती याच नियमात गळाली. आर्द्रतेची गोष्ट थोडी फसवी आहे. आपला गेटवे ती अवतरणचिन्हांत, म्हणजे "९२.४" अशी पाठवत असणार. आपल्याला ती संख्या दिसते, पण पार्सरच्या लेखी ती अक्षरे आहेत, म्हणून आधी ती गाळली गेली. आणि आपण ती अक्षरी फील्ड म्हणून मागितल्यावर डेटाबेसमध्ये अक्षरे म्हणूनच साठली. अक्षरांची रेघ ग्राफानासारखे आलेखाचे साधन काढणार तरी कशी?

एकच चेंबर दिसण्याचे कारण इन्फ्लक्सडीबीच्या मूळ रचनेत आहे. मापनाचे नाव (नोंदींच्या गटाचे नाव), सर्व टॅग (नोंद कशाची आहे हे सांगणाऱ्या ओळखी) आणि वेळ या तिन्ही गोष्टी जुळल्या, की दोन नोंदी एकच मानल्या जातात आणि नंतरची नोंद आधीच्या मूल्यांवर लिहिली जाते. आपल्या यादीतून चार नोंदी तयार होत होत्या, पण चेंबरचे नाव अक्षरी असल्यामुळे ते गळले होते आणि चौघींची वेळही एकच होती. तेव्हा तीन नोंदी पुसल्या जाऊन बहुधा यादीतील शेवटचे चेंबर उरत होते. जुन्या पार्सरमध्ये ‘टॅग_कीज’मध्ये चेंबरचे नाव घालून एवढे दुखणे बरे होईल. पण ‘जेसन_क्वेरी’ संदेशाचा फक्त तेवढाच भाग पार्सरपुढे ठेवते, त्यामुळे यादीबाहेरची वेळ आणि गेटवेचे नाव त्याला दिसतच नाही. मग वेळ म्हणून संदेश पोचल्याचा क्षण लागतो. वीज किंवा इंटरनेट गेल्यावर गेटवे संदेश साठवून ठेवत असेल आणि नंतर ते एकदम सोडत असेल, तर मधल्या दोन तासांचे तापमान पोचण्याच्या एकाच घटकेवर गोळा होईल, आणि शीतगृहात नेमके तेच दोन तास पाहायचे असतात.

म्हणून माझा सल्ला असा, की जुन्याला ठिगळे लावत बसू नका. टेलिग्राफच्या १.१९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, ‘जेसन_व्ही२’ हा पार्सर उपलब्ध आहे, तोच वापरा. (पुढील नावे वाचनासाठी देवनागरीत दिली आहेत; फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची.) ‘डेटा_फॉरमॅट’ बदलून ‘जेसन_व्ही२’चा विभाग उघडा, ‘मेजरमेंट_नेम’मध्ये शीतगृहाला शोभेल असे नाव द्या आणि गेटवेच्या नावासाठी ‘टॅग’चा उपविभाग लिहा. त्यानंतर ‘ऑब्जेक्ट’चा उपविभाग उघडून त्याच्या ‘पाथ’मध्ये ‘रीडिंग्ज’ लिहा, त्याच्या ‘टॅग्ज’मध्ये चेंबरचे नाव ज्या शब्दाखाली येते ती की घाला, आणि ‘फील्ड्स’खाली तापमान व आर्द्रता ‘फ्लोट’ (दशांश संख्या) आणि दार ‘बूल’ (खरे-खोटे) असे प्रकार नोंदवा. यादीतील प्रत्येक घटकाची वेगळी नोंद होते आणि बाहेरचा गेटवेचा टॅग चारही नोंदींना आपोआप जोडला जातो. अवतरणातील "९२.४" इथे संख्या होऊन बाहेर पडते.

तापमानाचा प्रकार लिहिण्याचा कंटाळा करू नका, आणि सेन्सर कधी नुसते ० पाठवतो म्हणून ‘इंट’ (पूर्णांक) लिहू नका. द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवली जातात. तिथे अर्ध्या अंशाचा फरक हीच बातमी असते आणि ‘इंट’मध्ये दशांश गळून जातात.

वेळेसाठी ‘टाइमस्टॅम्प_पाथ’, ‘टाइमस्टॅम्प_फॉरमॅट’ आणि ‘टाइमस्टॅम्प_टाइमझोन’ अशा तीन ओळी लागतात. फॉरमॅट लिहिताना वर्ष-महिना-दिवस अशी आद्याक्षरे चालत नाहीत. टेलिग्राफ गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला असल्याने तिथली ठरलेली नमुना तारीखच आपल्या साच्यात लिहावी लागते : २००६-०१-०२ १५:०४:०५. महिना १, दिवस २, दुपारचे ३, मिनिटे ४, सेकंद ५, वर्ष ६, असा तो क्रम आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा छापखान्याचा दोष वाटतो, पण या तारखेऐवजी आजची तारीख लिहिली तर काम होत नाही. संदेशातील वेळ भारतीय असून तिच्यात कालक्षेत्राचा उल्लेख नसेल, तर टाइमझोनमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहा. ते राहिले, तर वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजली जाईल, नोंदी साडेपाच तास पुढे जाऊन बसतील आणि ‘गेला १ तास’ असा आलेख उघडल्यावर तो सुरुवातीचे काही तास रिकामा दिसेल.

एक अडचण मात्र आपण आधीच करून ठेवली आहे. आर्द्रता त्याच नावाने अक्षरी स्वरूपात साठली आहे आणि इन्फ्लक्सडीबीत एका शार्डमध्ये, म्हणजे साठ्याच्या ठरावीक काळाच्या तुकड्यात, फील्डचा प्रकार पहिल्या नोंदीने ठरतो. आता त्याच मापनात, त्याच नावाने संख्या पाठवली तर प्रकार जुळत नाही म्हणून ती नाकारली जाईल. नवी बकेट (नोंदी साठवण्याची जागा) उघडणे किंवा मापनाचे नाव बदलणे हा सोपा मार्ग.

प्रश्न : असेच काम करताना मी ‘टेस्ट’ पर्याय देऊन टेलिग्राफ चालवतो, पण पडद्यावर काहीच छापले जात नाही. डेटाबेस खराब न करता तपासणी कशी करावी?

उत्तर : एमक्यूटीटीचे प्लगइन, म्हणजे टेलिग्राफचा संदेश घेणारा भाग, संदेशाची वाट पाहत बसते आणि चाचणी त्याआधीच संपते. ‘टेस्ट-वेट’ने काही सेकंद थांबवता येते, पण त्याहून बरे असे, की एक खरा संदेश जसाच्या तसा फाइलमध्ये साठवा, ‘इनपुट्स.फाइल’ प्लगइनला तीच फाइल आणि तोच पार्सर विभाग द्या, आणि मग ‘टेस्ट’ चालवा. या पर्यायात डेटाबेसकडे काहीही जात नाही. वरील शीतगृहाचा संदेश असेल, तर चार ओळी छापल्या गेल्या पाहिजेत. त्यांत चेंबरचे नाव पहिल्या मोकळ्या जागेच्या आधी, टॅगमध्ये, आले पाहिजे, आणि आर्द्रतेच्या आकड्याभोवती अवतरणचिन्हे दिसता कामा नयेत.