कमी उन्हातील कुंड्यांसाठी भांग नव्हे, झुडूप मिरी

प्रश्न : घरामागे उघडी पडवी आहे. सकाळी तीनेक तास कोवळे ऊन मिळते, नंतर फणसाची सावली येते. तेथे कुंड्यांमध्ये भांग लावता येईल काय? नुसत्या पानांना कायद्याची आडकाठी नाही असे ऐकले आहे. ते शक्य नसेल तर एवढ्या उन्हात दुसरे काय घ्यावे?

उत्तर : याच आशयाची आणखी काही पत्रे आली असल्याने सर्वांना एकत्रित उत्तर देत आहे.

भांग लावता येणार नाही. अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या व्याख्येनुसार शेंडे सोबत नसलेली पाने ‘गांजा’ या संज्ञेत मोडत नाहीत, आणि आपला गैरसमज बहुधा येथूनच झाला असावा. परंतु त्याच कायद्याच्या कलम ८ ने या वनस्पतीची लागवडच परवान्याशिवाय निषिद्ध केली आहे. ती शेतात आहे की कुंडीत, एक रोप आहे की शंभर, याने त्या मनाईत फरक पडत नाही. कलम २० नुसार अशा लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्तराखंडात तागासारख्या धाग्यासाठी दिलेल्या परवान्यांच्या बातम्यांवरून आपल्याकडेही मोकळीक झाली असे कोणी समजू नये. शिवाय ही वनस्पती मुळातच भरपूर उन्हाची आहे, त्यामुळे आपल्या पडवीला ती तशीही मानवली नसती.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रोप निवडण्यापूर्वी ऊन मोजावे. सकाळी आठपासून दर दोन तासांनी उन्हाची कड खडूने जमिनीवर आखावी आणि हे काम वर्षातून दोनदा, डिसेंबरात व मे महिन्यात करावे. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून हिवाळ्यात कोरडी सावली असलेल्या उत्तरेकडील सज्जात मे महिन्यात चटके बसणारे ऊन येऊ शकते. तीन-चार तासांच्या उन्हात टोमॅटो, वांगी, मिरची यांचा नाद करू नये. अळू, पुदिना, आले, हळद निभावतात. मात्र माझी शिफारस झुडूप मिरीची आहे, कारण कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत वाढणाऱ्या मिरीला गाळीव ऊनच मानवते.

मिरीच्या वेलाला दोन प्रकारच्या फांद्या असतात. उभ्या चढणाऱ्या फांदीच्या पेऱ्यांवर आधाराला चिकटणारी मुळे असतात. आडव्या फळफांदीवर ती नसतात आणि घोस तिच्यावरच येतात. एक वर्ष वयाच्या, तीन ते पाच पेऱ्यांच्या आडव्या फांदीपासून केलेले रोप चढत नाही, झुडूपच राहते. अशी छाटकलमे मुळे धरायला हट्टी असल्याने नवख्यांनी तयार रोप घ्यावे, पण पेरे निरखून घ्यावे. मी स्वतः एका रोपवाटिकेतून ‘झुडूप’ म्हणून आणलेली मिरी वर्षभरात खिडकीचे गज चढून गेली. पेऱ्यांवरची मुळे मी पाहिलीच नव्हती.

सुमारे दहा किलो मिश्रण मावेल अशी कुंडी घ्यावी. त्यात दोन भाग माती, एक भाग वाळू व एक भाग कुजलेले शेणखत भरावे. कुंडीखाली विटांचे तुकडे ठेवावेत, म्हणजे तळाची भोके बुजणार नाहीत. सावलीतील कुंडी उशिरा वाळते, आणि उन्हाच्या कमतरतेपेक्षा जास्त पाण्यानेच अशी रोपे अधिक दगावतात. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे; ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. दर दोन महिन्यांनी प्रत्येक कुंडीस सुमारे २ ग्रॅम युरिया, ३ ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट व ३ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. एवढे थोडे वजन घरच्या काट्यावर नीट कळत नाही, म्हणून दहा कुंड्यांचे खत एकदम तोलून त्याचे दहा वाटे करावेत.

पावसाळ्यात मूळकुज व पानांवरील काळे ओले डाग हा खरा धोका आहे. मृगाच्या सरींपूर्वी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत प्रत्येकी पाच लिटर पाण्यात विरघळवून, मोरचुदाचे पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या दुधाळ पाण्यात ओतावे. तयार मिश्रणात घासलेले लोखंडी पाते मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो वाढवावा.

पडवीच्या छपराखालील झुडपांबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मिरीच्या घोसात परागीभवन होण्यास वरून ओघळणारे पाणी मदत करते. छपरामुळे पाऊस अडत असेल तर कोवळे घोस लोंबू लागल्यावर सकाळी पंपाने झुडपावर पाण्याची बारीक फवार मारावी, अन्यथा घोस लांब पण दाणे विरळ असे दृश्य दिसते.

घोसातील एखाद-दुसरा दाणा नारिंगी झाला की तो घोस काढावा. दाणे सोडवून फडक्यात बांधावेत, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवावेत आणि वाळत घालावेत. त्यामुळे एकसारखा काळा रंग येतो. एक किलो ओल्या दाण्यांपासून साधारण तीनशे ग्रॅम काळी मिरी मिळते. चार-सहा कुंड्यांत घरची गरज भागेल, विक्रीचा हिशेब मात्र मांडू नये. वाळवण पडवीत न घालता शेजाऱ्याच्या गच्चीवर न्यावे, कारण मिरी सावलीत वाढत असली तरी वाळायला तिला कडक ऊनच लागते.